शिकत असाल तर अपात्र

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा जुन्या मंदिरांसाठी आणि बारवेसाठी ओळखलं जातं. ती उभारणाऱ्यांकडे कोणी इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मागितलं नसावं. गावातून इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराला मात्र ते लागतं. तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या धोरणात शिकता शिकता ६०० ते ७०० तास इंटर्नशिप अपेक्षित आहे.

सरकारही दिलदार. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, महिना ५,००० रुपये. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला १०,००० देऊ लागली. तेव्हा दोन्हीकडे अट एकच होती: पूर्णवेळ शिक्षण सुरू नको!

उरले वाळूज एमआयडीसीतले कारखाने. तिथं विचारतात, ‘ओळख कुणाची?’

मग प्रमाणपत्रं विकणारे ऑनलाइन कोर्सवाले धावून येतात. त्यांना ना ओळख लागते, ना अनुभव, यूपीआय चालतं.