थोर, आंबेगावकर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. आई व ती. नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथे थंडी नुसती मी म्हणतेय, बाकी सगळे खुशाल. "घरात रात्रंदिवस बुडबुड कसली गं?" असं आईंनी मागच्या फोनवर विचारलं होतं. तुमच्या चिरंजीवांच्या देखत सांगता येईना, म्हणून लिहिते.

तर चिरंजीवांनी दिवाणखान्यात समुद्र आणलाय. 75 लिटरचा. लिटरमागे 35 ग्रॅम मीठ, तेही आपलं जेवणातलं चालत नाही, वेगळं विकत येतं. बाहेर बर्फ पडतंय आणि समुद्राला हीटर लावून 25 अंश! मला मात्र "स्वेटर घाल, बिल येतं." पाणी उडून जातं, मीठ तेवढं मागे राहतं, म्हणून रोज सकाळी उठून गोडं पाणी घालायचं. देवपूजा त्यानंतर.

आत प्रवाळ आणि कोळंब्या. खायच्या नव्हेत, बघायच्या. नाना, जरा बसून वाचा: तांबड्या पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी 35 डॉलरला. रुपये तुम्ही कराच. मी केले आणि पाणी प्यायले. तेवढ्यात जुन्नरच्या बाजारातून वर्षाची सुकट आली असती.

पण आहे कामाची. मासे तिच्यासमोर आ वासून उभे राहतात आणि ही खुशाल त्यांच्या तोंडात शिरून साफसफाई करते. मी एकदा पाण्यात हात घातला, तर नखांभोवतीची मेलेली कातडी टोचून टोचून काढली. भांडी घासून माझ्या हातांचं काय झालंय, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी या घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परवा मंगळवारी ती खडकाशी आडवी दिसली. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी, हालचाल नाही. चिऊ शाळेला जाईना, ह्यांनी चहाला हात लावला नाही. शेवटी मीच चमच्याने देह बाहेर काढला. हाताला आला पोकळ पापुद्रा, कांद्याच्या सालीसारखा! बाईसाहेब कात टाकून खडकामागे बसल्या होत्या. नवं कवच कडक होईपर्यंत तोंड दाखवत नाहीत म्हणे. सुतक फिटलं, रात्री मटण केलं. पापुद्रा चिऊने काड्यापेटीत जपून ठेवलाय.

आई, तुम्ही दिलेला तांब्याचा कलश मात्र आता कपाटात आहे. रात्रभर तांब्यातलं पाणी आपल्याला चांगलं, मग त्या मुक्या जिवांना का नको, म्हणून मी ओतायला निघाले. ह्यांनी ओरडून बिल्डिंग गोळा केली. तांब्याचा अंश उतरला तरी कोळंबी मरते. हे आधी सांगायला काय झालं होतं?

आता नवी पाहुणी. असेल सेंटीमीटरभर. शेपटी डोक्यावर उचलून दिवसभर कंबर हलवते. नारायणगावच्या फडमालकांनी पाहिली तर राहुटीत बसवून सुपारी ठरवतील. नाव वाचा: 'थोर अंबोइनेन्सिस'. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून पडलंय, पण चिऊने मोठ्याने वाचलं आणि ठरवून टाकलं की ही आजोबांच्या आंबेगावची. मी समजावलं, तर म्हणते, "आजोबांचं गाव पाण्याखालीच आहे ना?" डिंभे धरणाची गोष्ट तुम्हीच तिला सांगितलीत, नाना, आता निस्तरा. तिने खडकांना नावं दिलीत: हे देऊळ, ही शाळा, हा आपला वाडा. वाड्यात सध्या थोर राहतात.

वाडा देवळाच्या नक्की कुठल्या अंगाला होता, ते कागदावर काढून पाठवा. ती बाह्या सरसावून खडक हलवायला बसलीय आणि ह्यांचा जीव खालीवर होतोय.

तुमची,
सूनबाई

ता. क. मे महिन्यात मामा येताहेत, त्यांच्याबरोबर सुकट पाठवा. पुडी काळ्या पिशवीत बांधा. 'त्यांना काचेतून सगळं दिसतं' असं चिऊ म्हणते.