सगळेच एकशेवीस टक्के

विक्रीच्या नोकरीसाठी आलेले बायोडेटा चाळले की वाटतं, टार्गेट चुकलेला माणूस या देशात उरलाच नाही. जो तो १२० टक्क्यांवर. कशाच्या, ते विचारायचं नाही. मार्चअखेरीस स्टॉकिस्टच्या हातापाया पडून त्याच्या गोदामात बिस्किटांचे खोके कोंबले, बिल फाडलं, की कंपनीच्या वहीत विक्री झाली. दुकानदाराने उचललं की नाही, हा एप्रिलचा प्रश्न. आणि एप्रिलमध्ये माल परत यायला लागतो तेव्हा आपला गडी दुसरीकडे 'चॅनल एक्स्पान्शन'चा अनुभव सांगून रुजूही झालेला असतो.

चाळणारेही काही कमी नाहीत. आधी सॉफ्टवेअर शब्द हुंगतं: लीड जनरेशन, सीआरएम, बी-टू-बी. म्हणून हुशार उमेदवार जाहिरातच उचलून पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत पेरतो. यंत्राला दिसते, माणसाला नाही. (हीच खरी विक्रीकला, पण ती कौशल्यांच्या रकान्यात लिहिता येत नाही.) मग एचआरवाले दोन पानी 'व्हिजन' ओलांडून विचारतात, "स्वतःची टू-व्हीलर आहे ना? नोटीस पीरियड किती?"

उधारी किती वसूल केली, किती दुकानांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली, हे कुणी लिहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. एखादा भाबडा लिहितोच: 'बीटवर चाळीस दुकानं, दोन बंद पडली, एकाने पैसे बुडवले, बाकीची वसुली पूर्ण.' त्याच्या बायोडेटावर पहिल्याच फेरीत शेरा पडतो: 'ॲटिट्यूड निगेटिव्ह'.