हयातीचा चेहरा

सकाळी सहाला सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनमध्ये गेलं की काकाजी आधी ऐकू येतात, मग दिसतात. "आऽऽ... ईऽऽ... ऊऽऽ..." नवखा माणूस दचकून थांबतो. कोणाची दाढ दुखून राहिली, की कोणी बाराखडी विसरून राहिलं, ते त्याला कळत नाही. रोजचे फिरणारे मात्र मान न वळवता सांगतात, "काही नाही जी, काकाजी गाल उचलून राहिले."

असे एक काकाजी नागपूरच्या बहुतेक बगिच्यांत सापडतात. वय पासष्ट ते पंचाहत्तर, पायात मुलाने परदेशातून पाठवलेले बूट, गळ्यात फक्त शिट्टी तेवढी नाही. कोणाला गुडघ्याचं वेड असतं, कोणाला दुधीच्या रसाचं. आमच्या काकाजींना तोंडाचं आहे.

छत्तीस वर्षं त्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत बिलं तपासली. त्या खुर्चीला चेहरा परवडत नाही. समोर ठेकेदार रडो की रिटायर मास्तर हात जोडो, काकाजींची भुवई हलायची नाही. बिल पास होणार की आक्षेप लागणार, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून शिपायालाही ओळखता येत नसे, आणि शिपायाला न कळू देणं ही सरकारी नोकरीतली फार वरची सिद्धी. घरीही तेच. मोठी मुलगी झाली तेव्हा यांनी वजन किती ते विचारलं आणि मान डोलावली, "जसं काही व्हाउचर टॅली झालं," असं काकू अजून सांगतात.

मग निरोपसमारंभ झाला, फोटो घरी आले, आणि काकाजींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे गाल दिसले. शाल, श्रीफळ, आणि त्या दोघांच्या मध्ये उचंत खात्यातल्या रकमेसारखे नुसतेच लोंबणारे गाल. तो हिशेब मिटवल्याशिवाय हा माणूस स्वस्थ बसणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वही आली. मी ती पाहिली आहे. डाव्या हाताला सुरकुतीचं ठिकाण, मग मागील शिल्लक, चालू महिन्यातली वाढ, घट, अखेरची शिल्लक. "डावा डोळा, बाहेरचा कोपरा: मागील शिल्लक 4, वाढ 0, घट 0, शिल्लक 4." खाली सही. तपासणारे तेच, मंजूर करणारेही तेच.

व्यायामांची यादी मोठी आहे. गालात हवा भरून ती या गालातून त्या गालात न्यायची. ओठांचा चंबू. गाल आत ओढून मासोळी. कपाळावर बोटं दाबून भुवया उचलायचा प्रयत्न करायचा, पण उचलू द्यायच्या नाहीत. यात मात्र काकाजींचा अनुभव दांडगा. शेवटी सिंहासन. हठप्रदीपिकेतलं हे आसन खरंच जुनं आणि मानाचं आहे. टाचांवर बसायचं, गुडघ्यांवर पंजे पसरायचे, जबडा उघडून नाकाच्या शेंड्याकडे पाहायचं. जीभ बाहेर काढून गर्जना करणं हे हल्लीच्या बगिच्यांचं. वाघांची राजधानी म्हणवणाऱ्या शहरात रोज सकाळी सिंह ओरडतो, तेव्हा दोन गावठी कुत्री त्याला मनापासून उत्तर देतात. एकदा काकाजींचे एक शिष्य इतक्या जोराने गरजले की कवळी थेट हिरवळीवर. पंधरा माणसं ती शोधत होती. काकाजींनी त्या दिवशी वहीत शेरा मारला: "साहित्य हरवले, मिळाले."

खिशात एक लॅमिनेट केलेला कागद असतो. 2018 साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चाळीस ते पासष्ट वयाच्या बायकांकडून चेहऱ्याचे व्यायाम करून घेतले. रोज अर्धा तास, आठ आठवडे; मग दिवसाआड, विसाव्या आठवड्यापर्यंत. आधीचे आणि नंतरचे फोटो पाहून डॉक्टरांनी वयाचा अंदाज केला, तो सरासरी 50.8 वरून 48.1 वर आला. गाल वरच्या बाजूला जरा भरले होते. कारणही पटण्यासारखं आहे. वय वाढतं तशी कातडीखालची चरबी ओसरते आणि सरकते. खालचे स्नायू थोडे जाड झाले तर ती पोकळी भरल्यासारखी दिसते.

"काकाजी," मी म्हटलं, "सुरुवातीला बायका किती होत्या?"

"सत्तावीस."

"आणि शेवटी?"

"सोळा."

"मग अकरा गेल्या कुठे? आणि व्यायाम न करणाऱ्यांचा गट तुलनेला घेतला होता का?"

काकाजी कागद खिशात ठेवत म्हणाले, "भाऊ, तुमच्या कपाळावर आठ्या पडून राहिल्या." ज्याने रुपयाची पावती नाही म्हणून लोकांची बिलं परत धाडली, त्याने हे बिल पाहताक्षणी पास केलं होतं.

त्वचेचे काही डॉक्टर तर उलटंच सांगतात, की पुन्हापुन्हा घडी घातल्याने कागदावर पडते तशीच रेघ कातडीवर पडते. खरा उपयोग कुठे आहे म्हणाल, तर तोंड वाकडं झालेल्या पेशंटला फिजिओथेरपिस्ट असे व्यायाम शिकवतात तिथे. काकाजींचं तोंड सरळ होतं. वाकडं ते बगिच्यातच व्हायला लागलं.

आणि ते बगिच्यात राहिलं असतं तर बरं. पण सवय लागली. नात्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत पाटोडीचा रस्सा वाढून झाल्यावर यांनी मासोळी केली. यजमानाला वाटलं तिखट लागलं. "अरे बाप्पा, काकाजींले मठ्ठा आणा रे!" तीन पोरं तीन बाजूंनी धावली. मयतीला जाऊन बसले तर तिथे चंबू. एका चौकाच्या सिग्नलला, नव्वद सेकंद फुकट कशाला घालवायचे म्हणून, एकेक डोळा आळीपाळीने मिटला. शेजारच्या ॲक्टिव्हावरच्या बाईंनी हेल्मेटची काच वर करून जे विचारलं ते इथे छापता येणार नाही.

काकू यातलं काही करत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र, काकाजींच्या वहीच्या पद्धतीने सांगायचं तर, मागील शिल्लकच कमी. कॉलेजला लूनावर जायच्या तेव्हापासून त्या तोंडाला दुपट्टा बांधतात. फक्त डोळे उघडे, तेही गॉगलआड. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा अख्खं नागपूर असंच हिंडतं, खिशात कांदा घालून. लू लागू नये म्हणून चाललेल्या या खटाटोपात सुरकुत्यांचा सगळ्यात मोठा कारखाना, म्हणजे ऊन, आपोआप बंद पडतो. ऑस्ट्रेलियात नऊशेच्या वर माणसांना साडेचार वर्षं तपासून 2013 साली जे छापलं, ते याच जातीचं होतं: रोज न चुकता सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी कमी म्हातारी झाली. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "हे सांगायले इतक्या दूर गेले होय?"

शिवाय त्या तीन मजले चढतात, उतरतात, भाजीची पिशवी स्वतः आणतात. काकाजींचे गाल टणक झाले असतील; पण सिंहासनातून उठायला त्यांना दोन माणसं लागतात. साठीनंतर माणूस पुष्कळदा पडतो तो मांड्यांतलं बळ गेल्याने, हे मी सुचवून पाहिलं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा म्हटलं. "खुर्चीवरून उठायची आपल्याले सवय नाही," काकाजी म्हणाले. विनोद करून राहिले की माहिती देऊन राहिले, ते तोंडावरून कळलं नाही.

मध्यंतरी ते हास्यक्लबात गेले. डॉ. मदन कटारियांनी मार्च 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच माणसांवर सुरू केलेला हा प्रकार आता जगभर गेला आहे. तिथे हसणं हाही व्यायामच, म्हणून काकाजींना पटला. ते मोजून हसत. हा-हा-हा, आठ वेळा, मग श्वास. कोणी खरंच हसू लागलं की म्हणत, "डिसिप्लिन ठेवा जी."

नोव्हेंबर आला. हयातीचा दाखला आता मोबाइलला तोंड दाखवून देता येतो, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी फोन धरला, गोल चौकटीत काकाजींचं तोंड बसवलं. एकदा डोळे मिटा, उघडा, एवढंच करायचं. काकाजींनी गाल उचलले. "नको जी, स्थिर राहा." त्यांनी कपाळ ताणलं. तिसऱ्यांदा ओठांचा चंबू आपोआप झाला. "म्हातारा दिसलो तर?" ते पुटपुटले. चौथ्यांदा, पाचव्यांदा तेच. आधार कार्डावरचा फोटो नोकरीतला, भुवईही न हललेला. आणि इथे चौकटीत गाल, भुवया, जीभ, सगळ्यांचं संमेलन भरलेलं. पेन्शन अडते की काय, या काळजीने त्यांच्या चेहऱ्यावर आणखी तीन भाव येऊन गेले.

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या,

"अहो, समोर ठेकेदार उभा आहे समजा."

चेहरा जागच्या जागी बसला. डोळे एकदा मिटले, उघडले. फोनने टिंग केलं, आणि काकाजी आणखी एका वर्षासाठी जिवंत ठरले.