तंत्रस्नेही गुरुजी आणि चार कोपरे

जिल्हा परिषदेच्या शाळांत दोन प्रकारचे शिक्षक असतात. तंत्रस्नेही आणि सुखी. मी दुसऱ्या गटातून पहिल्यात कसा ढकलला गेलो, हे आमच्या अख्ख्या केंद्राला माहीत आहे. शिक्षण परिषद चालू होती. प्रोजेक्टरवर निळ्या रंगाखेरीज काही उमटत नव्हतं. साहेब घामाघूम, समोरचे शिक्षक मनातून खूश. मी उठलो तो खरं म्हणजे बाहेर जाऊन चहा बघायला. पण जाता जाता पायात आलेली वायर खोचली आणि पडद्यावर साहेबांचं भाषण अवतरलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून कुठल्याही शाळेची कुठलीही माहिती कुठल्याही पोर्टलवर चढत नसली की फोन मला. ‘‘गुरुजी, तुम्ही तंत्रस्नेही ना?’’

एवढे लोक विचारतात म्हटल्यावर हळूहळू मलाही तसं वाटू लागलं. शिवाय हवाच तशी होती. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा पाहायला लांबलांबचे शिक्षक जाऊन आले, गावोगाव लोकवर्गणीतून पडदे आणि टॅब आले. (नंतर काही ठिकाणी बिल थकलं म्हणून वीज कापली गेली आणि डिजिटल फळ्यावर डिजिटल अंधार पडला, ती गोष्ट वेगळी.) मग २०२० साली माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे गुरुजी. बक्षीस दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या घरात. त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकलं. ही बातमी आमच्या घरात टीव्हीवर लागली तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. ‘‘ते कोड करतात. तुम्ही काय करता?’’ मी गप्प. ‘‘वायर खोचता,’’ ती म्हणाली.

तेव्हाच मी ठरवलं, आपल्या शाळेत तंत्रज्ञान अध्ययन केंद्र काढायचं.

आता आमची शाळा दोनशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. पण पोरं कमी असली म्हणून इयत्ता कमी होत नाहीत, त्या चारच राहतात. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीला भागाकार सांगायचा म्हणजे तेवढा वेळ तिसरीला कशात तरी गुंतवणं आलं, आणि ते ‘कशात तरी’ म्हणजे पाढे लिहा. आमच्या तिसरीने आजवर सातचा पाढा इतक्यांदा लिहिला आहे की त्यांच्या हाताला तो डोक्याच्या आधी आठवतो. त्यावर कोपरे हा रामबाण उपाय होता. वर्गाचे चार गट, चार कोपरे: वाचनाचा, गणिताचा, हस्तकलेचा आणि तंत्रज्ञानाचा. वीस मिनिटं झाली की गट पुढच्या कोपऱ्यात. पोरं आपापली शिकतात आणि गुरुजी मागे पडलेल्या चार पोरांजवळ निवांत बसतो. कागदावर ही योजना इतकी सुंदर दिसत होती की मी ती तीन रंगांत छापून घेतली.

बाईंना दाखवली. बाईंची निवृत्ती जवळ आलेली. चष्मा नाकावर सरकवून त्या म्हणाल्या, ‘‘चांगलं आहे की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. पोरं जिथं असतील तिथं शिकण्याचं सामान न्यायचं. तुमचे कोपरे त्याच वाटेचे.’’

‘‘पण बाई, कुरणात वायफाय कुठं होतं?’’ मी विचारलं.

‘‘आपल्याकडं तरी कुठंय?’’ बाई म्हणाल्या.

यात्रा कमिटीने शिलकीतून पाच टॅब दिले. हेडफोन सरपंचांनी दिले. वरकड पैशांतून टेबल करायचं ठरलं होतं, पण आधी फ्लेक्स झाला, आणि फ्लेक्स झाल्यावर पैसे उरले नाहीत. ‘तंत्रज्ञान अध्ययन केंद्र’ ही अक्षरं, खाली सरपंच, उपसरपंच, यात्रा कमिटीचे सगळे सभासद आणि डाव्या तळाशी हात जोडलेला मी. कोपऱ्यापेक्षा फ्लेक्स मोठा निघाला, म्हणून तो खिडकीवरून वळवून घ्यावा लागला. वर्गातला वारा बंद झाला. तिसरीच्या पोरांना वाचनाचा सराव मात्र भरपूर झाला. उपसरपंचांचं नाव जोडाक्षरांनी भरलेलं आहे.

उद्घाटनानंतर मी म्हटलं, ‘‘आता आपापल्या कोपऱ्यात जा.’’ सगळा वर्ग एकाच कोपऱ्यात गेला. तिथे कोपर ठेवायला जागा राहिली नाही आणि उरलेले तीन कोपरे लग्न लागल्यावरच्या मांडवासारखे रिकामे. मी ओरडलो, ‘‘हात लावू नका! आधी मी सांगतो!’’ आणि टॅब कसा धरावा, कसा ठेवावा, कुठे दाबू नये, हे सांगत राहिलो. माझं सांगून संपलं तेव्हा खिचडीची सुट्टी झाली होती.

वीस मिनिटांचा गजर मी टॅबवरच लावत असे, कारण तंत्रस्नेही माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाही. काही दिवसांनी लक्षात आलं की वाचनाच्या कोपऱ्यातली पोरं कंटाळून सतरंजीचे दोरे काढताहेत, तरी गजर होत नाही. तंत्रज्ञानाच्या कोपऱ्यात ज्या गटाची पाळी असे, तो गट गजर पुढे ढकलत होता. त्यांच्यात तसा ठरावच झालेला होता: प्रत्येक गटाने आपल्या पाळीला दहा मिनिटं वाढवून घ्यायची, तक्रार कुणी करायची नाही. मिनिटांची बेरीज-वजाबाकी सगळ्यांना बिनचूक येत होती, हे मी मूल्यमापनात कुठे लिहावं ते कळेना.

मग मी टॅबला कुलूप घातलं. नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवायचं, तो नमुना मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी खिचडीनंतर वर्गात आलो तर पाचही टॅब उघडे. दुसरीतल्या एका चिमुरडीने मला समजावून सांगितलं. टॅब उन्हात तिरका धरायचा. काचेवर गुरुजींच्या बोटाची तेलकट रेघ दिसते. त्या रेघेवरून आपलं बोट फिरवायचं. ‘‘तुम्ही जेवून हात नीट धुवत नाही, गुरुजी,’’ ती म्हणाली. मी हात धुवायला शिकलो. टॅबमुळे पडलेला हा पहिला नोंद घेण्याजोगा शैक्षणिक बदल.

हेडफोनची कथा त्याहून मोठ्या आवाजाची. पोरं शांत राहावीत म्हणून हेडफोन घातले, पण कान झाकलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही. गणिताच्या खेळात एकेक उत्तर फुटू लागलं: ‘‘सत्तावीस!’’ ‘‘अठरा!’’ ‘‘चुकलं गं!’’ शेजारच्या वर्गात बाई कविता घेत होत्या. त्यांची पोरं प्रत्येक कडव्यानंतर ‘‘सत्तावीस’’ म्हणू लागली.

पण त्या खेळाने मला मोठी आशा दाखवली. बरोबर उत्तराला चांदणी मिळायची. चौथीतला एक गडी, जो वहीत वजाबाकी दिसली की पोटात दुखतं म्हणायचा, त्याच्या नावावर चांदण्यांचा पाऊस. मी आलेख काढला, रंगवला, शिक्षण परिषदेत दाखवला, चहाबरोबर अभिनंदनही घेतलं. परत आल्यावर बाईंनी त्या पोराला बोलावलं, समोर चिंचोके ओतले आणि म्हटलं, ‘‘बावन्नातून सत्तावीस काढ रे.’’ तो चिंचोक्यांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘गुरुजी, पर्याय कुठायत?’’

खेळात चार पर्याय येत. चुकीचा दाबला तर काही बिघडत नसे, पुढचा दाबायचा. चौथ्यापर्यंत चांदणी ठरलेली. सीमोर पॅपर्ट नावाच्या गणितज्ञांनी १९६७ च्या सुमाराला सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा केली. १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी बजावलं होतं की संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावं. आमच्याकडे तिसराच प्रकार चालू होता. पोरगं मशीनला फसवत होतं आणि मशीन मला.

बाईंना मी म्हटलं, ‘‘अहो, १९९९ साली दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रांनी कचेरीच्या भिंतीत भोक पाडून संगणक बसवला. शेजारच्या वस्तीतली पोरं आपापली शिकली. कुणी गुरुजी नव्हता!’’ हा प्रयोग मला फार प्रिय. त्याच्या आधारावर मी तंत्रज्ञान कोपरा चालू असताना पोषण आहाराची ऑनलाइन माहिती भरत असे.

‘‘त्या पोरांच्या कानात हेडफोन होते?’’ बाईंनी विचारलं.

‘‘नाही. सगळी घोळक्याने उभी असायची. एक चालवणार, बाकीची ‘हे दाब, ते दाब’ सांगणार.’’

‘‘मग ती एकमेकांशी बोलून शिकली ना सर. तुम्ही आपल्या पोरांची तोंडं संगणकाकडं आणि कान बंद केलेत.’’

दुसऱ्या दिवशी बाईंनी हेडफोन कपाटात टाकले आणि माझ्या केंद्राचा ताबा घेतला. गजराचं काम भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं आणि घड्याळाचं काम तिसरीतल्या एका मुलीकडे, जी स्वतःच्या भावालाही अर्धं मिनिट वाढवून देत नाही. टॅब एक, पोरं दोन. एकाने पडद्यावरचं चित्र बघायचं आणि तोंडाने सांगायचं. दुसऱ्याने पाठ फिरवून बसायचं आणि ऐकून वहीत काढायचं. ‘‘घर काढ. नाही, कौलारू. कौलावर मांजर. अरे, उजवीकडं तोंड!’’ कोपरा सोडताना कागदावर काहीतरी मागे ठेवूनच जायचं, म्हणजे कोण शिकलं आणि कोण बसून होतं ते दिसतं. आणि भिंतीवर एक नियम: अडलं तर आधी तिघांना विचारा, मग गुरुजींना.

हा नियम लागल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही.

टॅबवरचं सगळ्यात उपयोगी ॲप कुठलं, हेही बाईंनीच शोधलं. आवाज टिपून घेणारं, जे प्रत्येक टॅबमध्ये फुकट असतं आणि ज्याचं प्रशिक्षण कुणी घेत नाही. तिसरीतलं पोर धडा वाचायचं, आपलंच वाचन ऐकायचं. एकाने ऐकून ठाम सांगितलं, ‘‘हा मी नाही. हा लई अडखळतो.’’ मग ‘त्या अडखळणाऱ्याला’ दाखवून द्यायला तो स्वतःहून पुन्हा वाचायला बसला. महिनाभर मी ‘पुन्हा वाच’ म्हणून जे होत नव्हतं, ते त्याने चिडून केलं.

चौथीच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं. एक टॅब खिडकीत, फ्लेक्समागे, चालू ठेवून दिला आणि माझा अख्खा तास टिपून घेतला. त्यांना तेव्हा गणितात माहितीचं व्यवस्थापन शिकायचं होतं: ऐकायचं, मोजायचं, ताळ्याच्या खुणा करायच्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पुस्तकात झाडं, वाहनं मोजायला देतात. आमच्या गावात वाहनं कमी. त्यांनी मला मोजलं.

विस्तार अधिकारी अचानक आले ते नेमके त्या आठवड्यात. वीज नव्हती. टॅब झोपलेले. मी तीन रंगांतली योजना शोधत होतो, तेवढ्यात साहेब गणिताच्या कोपऱ्यातल्या तक्त्यासमोर थांबले. मी तो तोवर पाहिला नव्हता. चार रकाने होते: ‘हात लावू नका’, ‘गप्प बसा’, ‘मी सांगतो’ आणि ‘शाब्बास’. पहिल्या तीन रकान्यांत रेघांचं कुंपण घातलेलं. आकडा मी इथे देत नाही, बायको हे वाचते. ‘शाब्बास’च्या रकान्यात एकच रेघ, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

‘‘हे प्रश्नचिन्ह कसलं?’’ साहेबांनी विचारलं.

घड्याळवाली मुलगी पुढे आली. ‘‘तो शाब्बास टॅब खाली पडला तेव्हाचा आहे, साहेब. तो धरायचा का नाही, यावर गटात अजून चर्चा चालू आहे.’’

साहेब फ्लेक्सवरच्या माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: ‘मुलांनी परिसरातून माहिती गोळा करण्याचा उपक्रम स्तुत्य. परिसरात सुधारणेस वाव आहे.’