पराभवाचा लॉट डेव्हिएशनवर पास कसा करावा

कॉलेजचा बास्केटबॉल सामना संपून दहा मिनिटं झालीत, फलकावर ८४–३१ आहे आणि त्यातले ३१ आपले आहेत. अशा वेळी पाठीराख्याने नेमकं काय करावं, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. खेळाडूंना प्रशिक्षक असतो, ट्रॅकसूट असतो, प्रवासभत्ता मिळतो (मिळतो म्हणतात). पाठीराख्याला यातलं काही नाही आणि हरायचं काम मात्र त्यालाच जास्त दिवस करावं लागतं. खेळाडू रात्री जेवून झोपतो. आम्ही बुधवारपर्यंत हरत असतो.

त्या उपेक्षित वर्गासाठी ही मार्गदर्शिका. पिंपरीत वल्लभनगरच्या एसटी स्टँडजवळच्या टपरीवर, अनेक पराभव आणि त्याहून अनेक कटिंग पचवून ती तयार झाली आहे. लिहिणारा संत तुकाराम नगरातलाच, हरणाऱ्या कॉलेजचा जुना विद्यार्थी, आणि गेली कित्येक वर्षं भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. हे सांगावं लागू नये, पुढे भाषेवरून कळेलच.

पहिली गोष्ट, पराभवाची तयारी सामन्याच्या आधी सुरू करावी. ड्रॉ लागला की समोर कोण आहे ते बघावं. पुण्यातलं एखादं जुनं, नावाजलेलं कॉलेज असेल तर लगेच एक वाक्य सोडून ठेवावं: "त्यांच्याकडे स्पोर्ट्स कोटा आहे बाबा." जिंकलो तर हे वाक्य कुणाला आठवत नाही. हरलो तर तुम्ही द्रष्टे.

सामन्याला गेल्यावर बसायची जागा फलकाच्या जवळ घेऊ नये. आमच्याकडे अजून पत्ते उलटायचा फलक आहे. एकक एका पत्त्यावर, दशक दुसऱ्यावर. त्यांच्या बाजूचा दशकाचा पत्ता उलटून उलटून मऊ पडलाय, कोपरे दुमडलेत, सहाचा आकडा तर सेलोटेपवर जगतोय. आमच्या बाजूचा दशकाचा पत्ता अजून कोरा करकरीत आहे, लग्नपत्रिकेसारखा. हा फरक एकदा नजरेला पडला की पुढचे दोन क्वार्टर दुसरं काही दिसत नाही.

ओरडण्यासाठी नियम माहीत असायला हवेत असं नाही. एक पुरतो. बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात, आपल्या संघाकडे बॉल असताना, खेळाडूने तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नसतं. तेव्हा दर मिनिटाला एकदा "रेफ्री, थ्री सेकंद!" अशी आरोळी द्यावी. समोरचा खेळाडू तिथे मुळात उभा होता की नाही, हे बघायला रेफ्री आहे.

आता त्यांच्या सेंटरबद्दल. तो जिमच्या दारातून मान वाकवून आत येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो माप तपासायच्या गो–नोगो गेजमध्ये बसत नाही. अशा वेळी "उंच आहे" एवढं म्हणून थांबणं हा नवशिक्याचा कच्चेपणा. "हा स्टुडंट वाटतो का?" इथून सुरुवात करावी. मग "एम.ए. पार्ट वनला पाचव्यांदा बसलाय", मग "बाहेरचा आणलाय", आणि शेवटच्या क्वार्टरपर्यंत त्याला दोन पोरं आणि एक गृहकर्ज व्हायला पाहिजे. परवाच्या सामन्यात टाइमआउटला हा इसम बाकावर बसून आईने दिलेल्या स्टीलच्या डब्यातला शिरा खात होता. त्याची आई शेजारी उभी राहून "अजून घे" म्हणत होती. हे दृश्य आपण पाहिलेलं नाही, असं ठरवावं.

त्यांचे पाठीराखे बोलायला येतील. पुणेकर असल्यामुळे आवाज न चढवता येतील. शिरीन लिमये पुण्याचीच, भारताच्या महिला संघाची कर्णधार होती, हे सांगतील. खरं आहे. गप्प बसावं. उलट आपल्या पिंपरी-चिंचवडात खेळाला काय कमी आहे, नेहरूनगरला हॉकीचं पॉलिग्रास मैदान आहे, असं काहीतरी बोलायला गेलात तर ते म्हणतील, "मग हॉकी खेळा ना."

परतीचा प्रवास हा पराभवाचा गाभा. पूर्वी हे काम पीएमटीच्या बसमध्ये उभ्याने करावं लागे, आता मेट्रो आहे. आमच्या स्टेशनापासून फुगेवाडीपर्यंत ती २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये थेट पुण्यात सिव्हिल कोर्टापर्यंत गेली आणि हरून यायची सोय झाली. शिवाजीनगरला गाडी जमिनीखाली असते, तेव्हा कुणीही बोलू नये. काचेत आपापली तोंडं दिसतात, तेवढी पुरे. गाडी वर उजेडात आली की रेफ्रीला शिव्या द्यायला हरकत नाही. बोपोडी सोडून मुळेवर आलात की प्रशिक्षक. दापोडी ते फुगेवाडी कॉलेजची मॅनेजमेंट. कासारवाडीला कुणीतरी म्हणतं, "पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपण काय खेळलो रे!" त्या क्वार्टरमध्ये आपण ११ केले आणि त्यांनी १९. तरी सगळ्यांनी मान डोलवावी. संत तुकाराम नगरला उतरेपर्यंत सामना क्लोज झालेला असतो.

मग टपरी. इथे खरं काम सुरू होतं, कारण या पट्ट्यात पराभव नुसता सोसून चालत नाही, त्याचं रूट कॉज काढावं लागतं. भोसरीपासून चाकणपर्यंत जो तो कुठल्या ना कुठल्या व्हेंडरकडे रिजेक्शनची उत्तरं देत बसलेला. साकिची टोयोडांच्या नावावर सांगतात ती पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आम्हाला पाढ्यांसारखी पाठ आहे. ती अशी चालवावी:

का हरलो? रिबाउंड मिळाले नाहीत. रिबाउंड का मिळाले नाहीत? त्यांची पोरं उंच. उंच असली तरी आपण बॉक्सआउट का केलं नाही? पोरं दमली होती. का दमली? तिसऱ्या क्वार्टरपासून धावत नव्हती, स्टॅमिना नाही. स्टॅमिना का नाही?

इथे, पाचव्या 'का'च्या तोंडाशी, चहा सांगावा. ही सर्वात महत्त्वाची सूचना. गेल्या अनेक हंगामांत आमचं विश्लेषण चौथ्या 'का'च्या पुढे गेलेलं नाही आणि त्यामुळेच आमचं मंडळ टिकून आहे. चहा येईपर्यंत विषय बदलतो, कुणीतरी बॉलमध्ये हवा जास्त होती असं काढतं, आणि मशीन या सदरात एक मुद्दा वाढतो. कारणं मांडायच्या इशिकावांच्या माशाच्या आकृतीला काटे किती काढावेत याला मर्यादा नाही. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. रिंगला जाळी नव्हती. कोर्ट सिमेंटचं होतं. त्यांचं कोर्ट लाकडी होतं. दोन्ही मुद्दे एकाच सामन्याबद्दल एकाच माशावर लिहिता येतात.

सायकल टाइमचा मुद्दा मात्र कुणी काढला तर त्याला बोलू द्यावं, कारण त्यात खरोखर मजा आहे. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आल्यापासून २४ सेकंदांत रिंगकडे मारावा लागतो. हा आकडा अमेरिकेत १९५४ मध्ये आला. ४८ मिनिटांच्या सामन्याचे सेकंद २८८०. चांगल्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर मारतात असं दिसलं. भागाकार केला, २४. कुठल्याही लाइनवर टॅक्ट टाइम असाच काढतात. त्याच वर्षी इकडे पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि आमच्या या सगळ्या औद्योगिक संसाराला सुरुवात झाली, हा योगायोग टपरीवर मी तरी प्रत्येक पराभवानंतर सांगतो. आमच्या पोरांना २४ सेकंद कधी लागत नाहीत. आठव्या सेकंदाला बॉल त्यांच्याकडे असतो.

घरी किंवा कंपनीत कुणी आकडा विचारलाच, तर इतिहास हाताशी ठेवावा. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला आणि पहिलाच सामना १–० असा संपला. म्हणजे सामन्याला एकच बास्केट. त्या हिशेबाने आमचे ३१ म्हणजे काय झालं, याचं गणित समोरच्यावर सोडावं. त्याने भागलं नाही तर १९८०. मॉस्को ऑलिम्पिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला होता. तेवढं एकदाच. सातही सामने हरला. पण सांगताना "ऑलिम्पिकच्या पहिल्या बारांत होतो" असंच सांगावं. संघ एकूण बारा होते, हे विचारल्याशिवाय काढू नये.

आता डेव्हिएशन. कंपनीबाहेरच्यांसाठी सांगतो. माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण लाइन थांबवणं परवडत नाही, अशा वेळी एका कागदावर सही घेऊन तोच माल पुढे पाठवतात. दोष आहे हे सगळ्यांना माहीत असतं, सहीही सगळ्यांची असते. पराभवाचंही तसंच करावं. सोमवारी पहिल्या शिफ्टच्या टी-ब्रेकला एकाने म्हणायचं, "तसं बघितलं तर ज्युनियर पोरं होती." दुसऱ्याने, "पुढच्या वर्षी हीच सीनियर होणार." तिसऱ्याने नुसतं "हां." तीन सह्या झाल्या. लॉट पुढे. पुढच्या वर्षी ती पोरं पास होऊन चाकणला नोकरीला लागतात आणि मैदानात पुन्हा ज्युनियर येतात, हा वेगळा विषय.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत तेरा दिवसांनी तरली, तेव्हा धीर धरा, असं आमच्या वस्तीतले एक काका प्रत्येक वेळी म्हणतात. त्यांना उलट उत्तर देऊ नये. मोजत मात्र राहावं. आम्ही तेरा हंगाम केव्हाच ओलांडले.

खेळाडू समोर आला तर? हा प्रसंग टाळता येत नाही, वस्ती लहान आहे. परवा किराणाच्या दुकानात आमचा पॉइंट गार्ड उभा होता, अर्धा लिटर तेल आणि साबण घेत. दुकानात शिरण्याआधी त्याच्या फ्री थ्रोबद्दल माझ्याकडे सतरा मुद्दे होते, कारण नऊपैकी दोन गेले होते. तोंडातून "खेळलात रे" एवढंच निघालं. तो "हो काका" म्हणाला. "हो काका" याच्यापुढे मार्गदर्शिकेत काही लिहिलेलं नाही. दोन रुपयांची चॉकलेटं घेऊन निघावं.

शेवटची सूचना पहिल्या शिफ्टवाल्यांसाठी. कंपनीची बस धरायला पहाटे निघालात की रस्ता कॉलेजच्या कुंपणाच्या कडेने जातो. दिवे अजून चालू असतात. आत बॉल आपटल्याचा आवाज येतो, एकट्याचा. कोण आहे ते बघायला थांबू नये. थांबलातच, तर मोजू नये. मोजलंतच, तर एकोणीसपैकी अकरा गेले हे टपरीवर सांगू नये. तो पाचवा 'का' आहे, चहा वाया जाईल.

आणि बॉल कुंपणावरून रस्त्यावर आला, गटारापर्यंत गडगडत गेला, तर उचलून, पुसून, कुंपणाजवळ जाऊन हातात द्यावा. रिंग तिथून अगदी जवळ वाटते. फ्री थ्रोची रेषा बॅकबोर्डपासून साडेचार मीटरच्या आसपास, रिंग दहा फुटांवर, त्यात काय आहे, असं आपण टपरीवर कायम म्हणत आलो. मारून बघू नये. मी मारला. जाळीला नाही, रिंगला नाही, बोर्डालाही लागला नाही. पलीकडच्या सायकल स्टँडमध्ये गेला आणि तीन सायकली आडव्या झाल्या. पोरगा आणायला धावला, मी कुंपणाशी डबा धरून उभा, आणि बस गेली.