वसीयतीची पेशी

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. मृत्युपत्राची प्रत, तिच्यावर न्यायालयाचा शिक्का आणि त्यात लिहिलेले पार पाडण्याचा निष्पादकाला दिलेला अधिकार, एवढाच ऐवज त्यात असतो. झाशीत तो जिल्हा न्यायाधीश देतात, आणि त्यासाठी सिविल लाइंस भागातल्या कचहरीची पायरी चढावी लागते. मृत्युपत्राला तिथे वसीयत म्हणतात. मराठी घरांतही आता तोच शब्द रुळला आहे.

पहिली गंमत अशी की झाशीतल्या हिंदू माणसाने झाशीतल्या घराबद्दल केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधी नव्हतीच. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ ने हिंदूंसाठी ती जुना बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांचे मूळ अधिकारक्षेत्र एवढ्यापुरतीच ठेवली होती. वडिलांनी नुसता झाशीचा वाडा लिहून ठेवला तर प्रोबेट लागत नसे, आणि त्याच कागदात दादरची एक खोली घातली की लागे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच वगळले. तरीही अर्ज येत राहतात, कारण बँकेच्या खिडकीत बसलेल्या माणसाने कलम २१३ वाचलेले नसते, आणि धाकट्या भावाने नको तितके वाचलेले असते.

अर्ज कोणी करायचा हे मृत्युपत्रच सांगते. त्यात निष्पादक नेमलेला असेल तर प्रोबेट त्यालाच मिळते. नेमलेला नसेल, तो वारला असेल किंवा त्याने 'मला या भानगडीत ओढू नका' असे कळवले असेल, तर मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र मागावे लागते. मुदतीच्या बाबतीत कायदा अनपेक्षितपणे धार्मिक आहे. मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस गेल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही आणि चौदा दिवस गेल्याशिवाय प्रशासनपत्र देता येत नाही. कलम २९३ लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेरावा असण्याचा संभव नाही, पण हिशेब चोख जुळतो: तेराव्याचे जेवण उरकून, हात धुऊन मंडळी कचहरीला निघू शकतात. आजवर या मुदतीमुळे कोणाचा खोळंबा झाला असेल असे वाटत नाही. खोळंब्याची इतर कारणे पुरेशी आहेत.

अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, वारसांची नावे-पत्ते आणि मालमत्तेच्या किमतीचे शपथपत्र द्यावे लागते. या शेवटच्या कागदात वाङ्मयीन गुण दिसतात. जे घर मुलीच्या लग्नाच्या बोलणीत 'शहराच्या ऐन मध्यावर, तीन चौकी, दगडी बांधणीचे' होते, तेच शपथपत्रात गळके, पडके आणि भाडेकरूंनी व्यापलेले होते. कारण न्यायालय-शुल्क किमतीवर ठरते. हे सरकारला ठाऊक असल्याने अर्जाची सूचना जिल्हाधिकाऱ्यांनाही जाते, आणि त्यांना किंमत कमी वाटली तर ते वाढवायला लावू शकतात. महाराष्ट्रात या शुल्काला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, असे पुण्याचा चुलतभाऊ फोनवर सांगतो. त्याचा झाशीत काही उपयोग नसतो.

झाशीच्या मराठी कुटुंबांसाठी खरी कसोटी कलम २७७ ची. ही घराणी पेशव्यांच्या सुभेदारांमागोमाग अठराव्या शतकात इकडे आली. घराबाहेर बुंदेली आणि हिंदी, घरात मराठी, आणि शेवटची इच्छाही बहुधा मराठीत. मृत्युपत्र न्यायालयाच्या वापरातल्या भाषेत नसेल तर अनुवाद जोडावा लागतो. त्या भाषेचा नेमलेला अनुवादक नसेल तर कोणीही जाणकार तो करू शकतो. मात्र मूळ भाषा आणि लिपी आपण वाचतो व पूर्णपणे समजतो, असे त्याने लिहून द्यायचे असते. साध्या मराठीसाठी एखादे निवृत्त मास्तर सापडतात. ते दोन्ही पक्षांचे काका निघतात, पण कायद्याची त्याला हरकत नाही. कागद आजोबांच्या वेळचा आणि मोडीत असेल तर मात्र 'लिपी' या शब्दापाशी गाडी अडते. मोडी 'थोडी थोडी लागते' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, 'पूर्णपणे समजते' यावर सही करणारा शोधायला ग्वाल्हेर-इंदूरपर्यंत फोन जातात.

मग साक्षीदार. कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि अर्जावर त्यांपैकी निदान एकाने, 'मिळू शकत असल्यास', सत्यापन करावे लागते. ही सवलत अनुभवातून आलेली असावी. माणूस ऐंशीव्या वर्षी मृत्युपत्र करतो आणि साक्षीला वर्गमित्राला बोलावतो. पोरासोरांवर विश्वास नसतो. मुळात मृत्युपत्र करण्याचे कारणही तेच असते. साक्षीदार दोघेही आधीच गेलेले असले तर त्यांचे हस्ताक्षर ओळखणारा उभा करावा लागतो. मृत्युपत्राच्या नोंदणीबाबत उत्तर प्रदेशाचा अनुभव वेगळाच आहे. २००४ साली राज्याने शेतजमिनीच्या मृत्युपत्रांची नोंदणी सक्तीची केली, आणि २०२४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरवली. मधल्या वीस वर्षांत ज्यांनी रांगा लावल्या त्यांना शुल्क परत मिळाल्याचे ऐकिवात नाही.

अर्ज दाखल झाला की हितसंबंधीयांना नोटिसा निघतात आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. वर्षानुवर्षे साधे पत्र न पाठवलेल्या नातेवाइकांना नोटीस मिळताच बालपणीचे अंगण आठवते. त्यांपैकी एकाने कॅव्हेट दाखल करून विरोध केला की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. इथून पुढचा शब्दसंग्रह बदलतो: पेशी, तामील, मुंशीजी, पेशकार, आणि सगळ्यांचा राजा म्हणजे 'तारीख'. तामील झाली नाही तर तारीख, वकीलसाहेब दुसऱ्या न्यायालयात असतील तर तारीख. एखाद्या ज्येष्ठ वकिलाचे निधन झाले तर शोकसभा होऊन काम बंद राहते, आणि एका मृताची सुनावणी दुसऱ्या मृतासाठी पुढे जाते. झाशीचे कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा पेशाने इथलेच वकील होते. 'झाँसी की रानी' ही त्यांची कादंबरी १९४६ ची. ती पेशांच्या मधल्या वेळात लिहिली असे कोणी म्हटलेले नाही, पण म्हटले तर कचहरीत कोणी शंका घेणार नाही.

सुनावणीचा गाभा 'संशयास्पद परिस्थिती' हा. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये घालून दिलेला नियम असा की मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच असे संशय दूर करायचे. ज्याला घर मिळाले त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतलेला असणे हा मोठा संशय. म्हणजे ज्या मुलाने वडिलांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले, औषधे आणली आणि त्यांच्याच सांगण्यावरून निबंधक कार्यालयातही नेले, तो संशयित. जो अमेरिकेतून फक्त दिवाळीला बोलला, त्याच्यावर मात्र कसलाही संशय नाही.

झाशीचे सर्वांत प्रसिद्ध वारसाप्रकरण मात्र कुठल्याही न्यायालयात चालले नाही. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकरांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी आनंदरावास दत्तक घेऊन दामोदरराव नाव ठेवले, मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांसमक्ष आपली इच्छा लेखी कळवली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. लेखी कागद, दोन साक्षीदार, तेही गोरे: आजच्या कलम ६३ ला याहून काय हवे? पण गव्हर्नर-जनरल डलहौसीने खाजगी मालमत्तेपुरता वारसा मानला आणि राज्य १८५४ मध्ये खालसा केले. राणीने जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला, अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. दामोदररावांच्या नावचा पैसा कंपनीच्या तिजोरीत राहिला. त्यातले एक लाख रुपये त्यांच्याच मुंजीसाठी काढताना राणीला जामीनदार द्यावे लागले. ही पद्धत कायद्याला आवडली असावी. कलम २९१ प्रमाणे प्रशासनपत्र घेणाऱ्याला आजही जामीनदारासह बंधपत्र लिहून द्यावे लागते.

प्रोबेट मिळाल्यावर त्याची व्याप्ती समजून घ्यावी लागते. मृत्युपत्र खरे आहे एवढेच ते सिद्ध करते. घर मुळात मृताचे होते की नाही हे प्रोबेट न्यायालय ठरवत नाही, त्यासाठी दुसरा दावा लावता येतो, आणि लोक लावतात. शिवाय जिल्हा न्यायाधीशांचे प्रोबेट राज्यापुरते चालते. इतर राज्यांतल्या मालमत्तेची किंमत दहा हजार रुपयांच्या आत असेल तरच ते तिथे लागू होते. आज त्या रकमेत पुण्याच्या फ्लॅटचा जेमतेम उंबरा येईल. निकाल मान्य नसल्यास अपील अलाहाबादला.

निष्पादकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. प्रमाणित नकला सुरुवातीलाच जास्त काढून ठेवाव्यात. बँक, नगर निगम आणि वीज कार्यालय प्रत्येकी एक ठेवून घेतात आणि कोणीही दुसऱ्याची पाहत नाही. नंतरच्या तारखेचे दुसरे मृत्युपत्र सापडल्यास कलम २६३ खाली हे प्रोबेट रद्द करता येते. तो अर्जही त्याच कचहरीत करायचा, मृत्युपत्र मराठीत असल्यास अनुवादासह.