स्वस्तातले कानसेन

"अरे, घाल तर आधी कानात!" हे ज्यांना कधी कोणी म्हटलेलं नाही, त्यांनी हा मजकूर वाचायची गरज नाही. बाकीच्यांना हा गृहस्थ ठाऊक आहे. हातात वायर, वायरीच्या टोकाला दोन बोंडं, ती एवढ्यातच स्वतःच्या कानांतून काढलेली, आणि ती आपण आपल्या कानांत घालावीत असा निरागस आग्रह. वीस हजारांच्या हेडफोनला पाणी पाजणारा हेडफोन दोन हजारांच्या आत मिळतो, तो फक्त शोधावा लागतो, आणि तो शोधायला आपण जन्माला आलो आहोत, ही यांची श्रद्धा. पूर्वी ही मंडळी मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत सापडायची. आता पार्सलं दारात येतात. स्वस्तातले कानसेन लोकांना नकोसे होतात, ते समजण्यासारखं आहे. पण त्यांच्यावर वेडेपणाचा जो आरोप होतो, तो मात्र टिकत नाही. मुद्द्याचं बोलायचं तर हा माणूस बरोबर आहे, आणि बरोबर असलेला माणूस चुकीच्या माणसापेक्षा जास्त छळतो.

आधी छळाबद्दल. कानसेनांकडे परीक्षेचं एक गाणं असतं, आणि बहुतेक वेळा ते 'हॉटेल कॅलिफोर्निया' असतं. साधं नव्हे, ईगल्स या बँडने १९९४ साली प्रेक्षकांसमोर वाजवलेलं. त्यात सुरुवातीला गिटारी बराच वेळ एकमेकींशी बोलत बसतात आणि मग तालवाद्याचा एक खोल ठोका येतो. तो ठोका आला की कानसेन भुवया उंचावतात, "कळला बेस?" म्हणतात आणि गाणं थांबवतात. हे गाणं त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा लावलंय की मोजदाद नाही, पण ते कोण गातं, किंबहुना त्यात कोणी गातं तरी का, याबद्दल त्यांना खात्रीने काही सांगता येणार नाही. आपलं संगीत लावलं तरी तेच. किशोरी आमोणकरांचा भूप लावतात, तंबोऱ्याची जवारी कशी 'उलगडते' ते ऐकवतात, आणि किशोरीताई पहिला स्वर लावणार तेवढ्यात दुसरा हेडफोन जोडायला घेतात. नवा हेडफोन आला की त्याला म्हणे 'बर्न-इन' करावं लागतं, म्हणजे शंभर तास सलग वाजवत ठेवावा लागतो. तो कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली, रात्रंदिवस वाजत असतो. त्यामुळे या घरात पूर्ण गाणी ऐकलेली असतील तर ती स्वेटरांनी. बायको नवं पार्सल पाहून विचारते, "अहो, हा मागच्यासारखाच दिसतोय की." त्यावर उत्तर येतं, "नाही गं, याचं नोझल पितळी आहे."

आता मुद्दा. महाग तेच चांगलं, हा आपल्याकडचा सर्वमान्य नियम. साडी, शाळा आणि डॉक्टर आपण त्याच नियमाने निवडतो. हेडफोनच्या बाबतीत तो तपासून पाहिलेला आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांची मोजमापं आणि त्यांच्या किमती शेजारी शेजारी मांडल्या. खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांचं प्रमाण हेडफोन कसं राखतो, याचा किमतीशी काही संबंध सापडला नाही. याचं कारणही गूढ नाही. खोलीतल्या स्पीकरला अख्ख्या खोलीतली हवा हलवायची असते, त्याला मोठा कोन, भक्कम पेटी, ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. कानात बसणाऱ्या बोंडाला हलवायची असते ती चमचाभर हवा. त्यासाठी लागतं एक छोटं चुंबक, तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा, आणि यातलं काहीही सोन्याचं असावं लागत नाही. खरं कसब असतं ते पडद्यामागची भोकं केवढी ठेवायची, जाळी किती दाट लावायची, यात. ते ज्ञान आहे, आणि ज्ञान एकदा बाहेर फुटलं की त्याची किंमत उतरते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात बऱ्याच श्रोत्यांना हेडफोनचे वेगवेगळे आवाज ऐकवले. कोणता ब्रँड आहे हे श्रोत्यांना कळू दिलं नाही, आणि बहुसंख्यांना काय आवडतं याचा आलेख काढला. तो आलेख समोर ठेवून चीनमधले कारखाने कामाला लागले. २०२२ साली आलेले मूनड्रॉपचा 'चू' आणि सेव्हनहर्ट्झचा 'झीरो' हे दोन्ही तेव्हा साधारण वीस डॉलरचे होते, आणि ते ऐकून भल्याभल्या समीक्षकांनी माना डोलावल्या. चीनच्याही आधीचा दाखला हवा असेल तर अमेरिकेतल्या कॉसचा 'पोर्टा प्रो' घ्या. १९८४ सालचा, दिसायला अगदीच पोरकट, कानांवर फोमच्या चकत्या, आणि आजही जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. कानसेनांच्या देव्हाऱ्यात तो मधोमध असतो.

यावर शहाण्या माणसांचे आक्षेप असतात. पहिला असा की आवाजाचं प्रमाण म्हणजे सगळं नव्हे. बरोबर आहे. गादी मऊ असणं, विमानाची घरघर गिळणं, बिघडल्यावर दुरुस्ती होणं, याचे पैसे पडतात आणि पडायलाच हवेत. पण मग त्या पैशांना गादीचे पैसे म्हणावं, गाण्याचे म्हणू नये. दुसरा आक्षेप असा की प्रत्येकाचा कान वेगळा. हाही खरा, पण तो कानसेनांच्याच बाजूने जातो. कानात रबराची टोपी नीट बसली नाही तर बेस गळून जातो, मग हेडफोन दोनशेचा असो की दोन लाखांचा. कानसेन हे जाणतात, म्हणून त्यांच्या खणात टोप्यांच्या इतक्या पुड्या असतात की परचुरणवाल्याला हेवा वाटावा. आपल्या मापाची टोपी लावली की फुकट मिळालेलं बोंडही सुधारतं, हे त्यांनी सांगितलेलं एकमेव सत्य आहे जे 'हॉटेल कॅलिफोर्निया'शिवाय सिद्ध करता येतं.

तिसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागतो. स्वस्तातल्या बारा हेडफोनांच्या पैशांत एक उंची हेडफोन आला असता की! हिशेब चोख आहे, पण माणूस ओळखण्यात चुकला आहे. उंची हेडफोन घेणारेही एकावर थांबत नाहीत. ते मोठ्या रकमेत तेच करतात, आणि वर अ‍ॅम्प्लिफायर घेतात. शिवाय एकच हेडफोन घेतला तर उरणार काय? गाणं. ते ऐकायला बसावं लागेल, आणि त्याची तर कानसेनांना सवयच नाही. त्यांना हवा असतो तो शोध. महागाचा हेडफोन विकत घेणाऱ्याने दुसऱ्याच्या मतावर विश्वास ठेवलेला असतो. कानसेन मात्र स्वतःच्या कानावर विसंबतात. ज्या देशात माणूस मोबाइल उलटा करून कंपनीचं चिन्ह पाहतो आणि मग आदर ठरवतो, तिथे हे धाडसच म्हणायचं.

आणि हा कान काही कायमचा नाही. तारुण्यात माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं; पुढे वरचे स्वर आधी जातात, न सांगता जातात, आणि पन्नाशीच्या आसपास झांजेच्या वरची ती बारीक चकाकी अनेकांना आठवणीतूनच ऐकावी लागते. कानसेन 'ट्रेबल जरा मऊ आहे' म्हणून नवा हेडफोन बाजूला ठेवतात. मऊ काय झालंय हे घरातल्या कॉलेजच्या मुलीला कळतं, कारण तिला तो ट्रेबल टोचतो. ती बोलत नाही. बाबांनी पुढचा मागवला की तिला हा मिळणार असतो.

कारण हे सगळं शेवटी वाटलं जातं, आणि इथे या माणसाला नावं ठेवणं अवघड होतं. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, भाच्याचा रूममेट, गावाहून आलेले आणि परत जाताना बस लागलेले काका, सगळ्यांच्या कानांत यांनी नाकारलेले हेडफोन असतात, योग्य मापाच्या टोप्यांसकट. या लोकांना हरमनचा आलेख माहीत नाही. ते रात्रपाळीत लताबाईंचं गाणं लावतात आणि शेवटपर्यंत ऐकतात. आठवड्याभराने कानसेन गेटपाशी थांबून विचारतात, "काय, कसा वाटतोय बेस?" वॉचमन जरा संकोचून सांगतो, "साहेब, बेस चांगला आहे, पण डावा कान बंद पडलाय." स्वस्ताईवरचा हा सर्वांत जुना आक्षेप, आणि याला कानसेनांकडे खरंच उत्तर नाही. ते हेडफोन हातात घेतात, प्लगपाशी वायर वाकवून बघतात, मान हलवतात. मग त्यांचा चेहरा उजळतो. "असू दे. याच्यापेक्षा बरा एक कालच बघून ठेवलाय."